मेंदू भरतो डोळ्यातल्या नांग्या

अमरावतीहून अकोल्याकडे जाताना बडनेरा ओलांडलं की कपाशीची वावरं लागतात. उगवण विरळ झाली, तर शेतकरी नांग्या भरतो, म्हणजे रिकाम्या जागी पुन्हा बी टोबतो. आपला मेंदूही नांग्या भरतो, पण बी न टोबताच!

प्रचितीसाठी कोरा कागद पुरे. डावीकडे फुली काढा. तिच्या उजवीकडे आठ सेंटिमीटरवर नखाएवढा काळा ठिपका द्या. डावा डोळा झाकून उजव्यानं फक्त फुलीकडे पाहा आणि कागद हळूहळू जवळ आणा. साधारण फुटभर अंतरावर ठिपका नाहीसा होतो. आता त्या ठिपक्यावरून आडवी रेघ ओढून पुन्हा पाहा. ठिपका जातो, रेघ मात्र सलग दिसते.

डोळ्याच्या पडद्यावरचे सुमारे दहा लाख चेतातंतू जिथून एकत्र बाहेर पडतात, तिथे प्रकाश टिपणाऱ्या पेशीच नसतात. हाच अंधबिंदू. फ्रेंच शास्त्रज्ञ मारिओत यांनी सतराव्या शतकात तो दाखवून दिला. नावाला बिंदू, पण पौर्णिमेचे दहा चंद्र ओळीनं मावतील एवढा तो रुंद असतो.

मग तिथे भोक का दिसत नाही? शेजारच्या रंगाचा आपल्या पाहण्यावर परिणाम होतो. तोच करडा तुकडा काळ्या कागदावर उजळ आणि पांढऱ्यावर गडद वाटतो. याला दृष्टीतलं प्रवर्तन म्हणता येईल. १९९१ मध्ये रामचंद्रन आणि ग्रेगरी यांनी लुकलुकणाऱ्या ठिपक्यांच्या पडद्यावर एक करडा चौकोन ठेवला. नजर एका जागी स्थिर ठेवली, की काही सेकंदांत चौकोन ठिपक्यांनी भरून जाई. नंतर सगळा पडदा करडा केला, तरी चौकोनाच्या जागी काही क्षण ठिपके लुकलुकत राहत. म्हणजे मेंदू रिकाम्या जागेकडे नुसता काणाडोळा करत नाही, ती खरोखर भरतो.

एरवी उपयोगी असलेली ही सवय काचबिंदूत घात करते. या आजारात डोळ्याची शीर हळूहळू निकामी होते आणि कडेची नजर जाते. बहुधा दुखत नाही, काळा डागही दिसत नाही. एका डोळ्याची उणीव दुसरा झाकतो, उरलेली मेंदू. बाजूनं येणारी मोटारसायकल दिसली नाही, तरी काही हरवलंय हे कळत नाही. आपल्याकडे मग ऐकू येतं, 'मोतीबिंदू असेल, पिकला की काढू.' मोतीबिंदू काढल्यावर नजर परत येते. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही; थेंब, लेसर किंवा शस्त्रक्रियेनं उरलेली तेवढी वाचवता येते.

वरचा कागदी प्रयोग म्हणजे काचबिंदूची तपासणी नव्हे. चाळिशी उलटली असेल किंवा घरात कुणाला काचबिंदू असेल, तर डॉक्टरांकडून केवळ चष्म्याचा नंबर काढून घेऊन परतू नका. डोळ्याचा दाब आणि मागची शीर तपासायला सांगा. वावरातली नांगी बांधावरून दिसते. ही मात्र दुसऱ्यालाच शोधावी लागते.