रेशीमकिड्याची झोपलेली अंडी

रेशीमकिड्याची मादी जी अंडी घालते, त्यांतली काही दहा-बारा दिवसांत उबतात. काही मात्र हिवाळा सरेपर्यंत स्वस्थ पडून राहतात. ताजे अंडे फिकट पिवळे असते. सुप्तावस्थेत जाणारे अंडे दोन-तीन दिवसांत तपकिरी, मग करडे-काळपट होते.

हा निर्णय आईच्या शरीरात होतो. मादी कोषात असताना तिच्या अन्ननलिकेखालच्या चेतागुच्छातून एक संप्रेरक स्रवते. 24 अमिनो आम्लांचा हा छोटा रेणू अंडाशयावर काम करतो आणि पुढे अंड्यातील गर्भाची वाढ थांबते. गर्भाजवळचे ग्लायकोजेन सॉर्बिटॉल व ग्लिसरॉलमध्ये बदलते. 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला फुकुदा आणि हासेगावा या जपानी संशोधकांनी या संप्रेरकाचा छडा लावला.

झोप मोडते ती थंडीने. सुमारे 5 अंश सेल्सिअसला दोन-तीन महिने ठेवल्यावर अंड्यातील ईआरके नावाचे संदेशवाहक प्रथिन सक्रिय होते. सॉर्बिटॉलचे पुन्हा ग्लायकोजेन होते, एक्डिस्टेरॉइड संप्रेरक तयार होते आणि गर्भ वाढू लागतो. म्हणजे झोपवणारे संप्रेरक आईचे, तर उठवणारे अंड्याचे स्वतःचे.

महाराष्ट्रात जालना, बीडकडे तुतीवर रेशीमकिडे पाळणाऱ्या शेतकऱ्याला अंडीपुंज ठरल्या दिवशी उबलेले हवे असतात. म्हणून बीजनिर्मिती केंद्रांत, अंडी घातल्यावर साधारण 20 तासांनी, ती 46 अंशांच्या सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात पाचेक मिनिटे बुडवून धुतात. अशी अंडी हिवाळ्याची वाट न पाहता उबतात.