जुन्या लॅपटॉपला नवा शेजारी!

जुना लॅपटॉप म्हणजे ऑफिसमधले सीनियर काका. काम चोख, पण नव्या प्रोजेक्टमध्ये त्यांना कुणी विचारत नाही. मोठा मॉनिटर जोडायचा विषय निघाला, की सल्ला ठरलेला... 'नवाच घेऊन टाक ना!' थांबा, बॉस. क्रेडिट कार्ड काढण्याआधी लॅपटॉपची कड नीट बघा.

माझ्या रूममेटला हाच सल्ला एका दुकानात मिळाला होता. ती सबटायटल्सचं भाषांतर करते. एकीकडे व्हिडिओ, दुसरीकडे मजकूर. छोट्याशा स्क्रीनवर दिवसभर विंडो बदलून बदलून तिची मान आणि डेडलाइन, दोन्ही अवघडल्या होत्या. नव्या लॅपटॉपचा ईएमआय भरायचा, तर या कामातली बरीचशी कमाई त्यातच जाणार. मॉनिटर दादाने दिलेला, फुकट. पण त्याला फक्त एचडीएमआय, आणि हिच्या 2010 च्या लॅपटॉपला एकच निळा पोर्ट. तीन ओळींत 15 भोकं!

हा व्हीजीए. आयबीएमने तो 1987 मध्ये आणला, म्हणजे आम्हा दोघींपेक्षा वयाने मोठा. इंटेल, एएमडी आणि मंडळींनी डिसेंबर 2010 मध्ये त्याच्या निवृत्तीची घोषणा केली, तरी प्रोजेक्टरच्या मागे तो नंतरही वर्षानुवर्षं चिकटून होता.

खरी गोम पुढे आहे. व्हीजीए अ‍ॅनालॉग, एचडीएमआय डिजिटल. त्यामुळे दोन टोकांची साधी केबल इथे चालत नाही, सिग्नल बदलणारा कन्व्हर्टर लागतो. आणि तो वन-वे असतो! 'व्हीजीए टू एचडीएमआय' म्हणजे लॅपटॉप व्हीजीएचा, मॉनिटर एचडीएमआयचा. उलटं असेल तर डबी वेगळी. दिसायला दोन्ही सारख्याच, म्हणून खोक्यावरचं नाव वाचूनच घ्या. शिवाय बहुतेकांना पॉवरसाठी यूएसबीची वायर असते, ती लावायची. व्हीजीएतून आवाज येत नाही, हेही लक्षात ठेवा. लॅमिंग्टन रोडवर आम्हाला ही डबी काही शे रुपयांत मिळाली. ईएमआय कॅन्सल!

तुमच्या मॉनिटरलाही व्हीजीए असेल, तर मग साधी केबल पुरे. चित्र बाजूला सरकलेलं दिसलं तर मॉनिटरवरचं 'ऑटो अ‍ॅडजस्ट' दाबा.

जोडल्यावर विंडोजचं बटण आणि पी एकत्र दाबा (विंडोज 7 पासून ही सोय आहे) आणि 'एक्स्टेंड' निवडा. 'डुप्लिकेट'मध्ये तेच चित्र दोनदा दिसतं, मग उपयोग काय? माऊस भलत्याच कडेने बाहेर पडत असेल, तर डिस्प्ले सेटिंगमध्ये 1 आणि 2 चे चौकोन ओढून जागेवर आणा.

एचडीएमआयवाल्या जुन्या लॅपटॉपांची गोष्ट सोपी. फक्त फोर-केच्या मोहात पडू नका. एचडीएमआय 1.4 वर फोर-के चित्र सेकंदाला 30 वेळाच बदलतं, माऊस अडखळल्यासारखा वाटतो. फुल एचडी मॉनिटर घ्या, मजेत चालेल.

सेकंडहँड मॉनिटर घ्यायला जाताना लॅपटॉप सोबत न्या आणि तिथेच लावून बघा. व्हीजीएची केबल मात्र लांबलचक नको. चित्र पुसट होत जातं, आणि टेबलाखाली पाय अडकतो तो वेगळाच.