थंडीत मका जांभळा पडला? गोणी फोडण्याआधी थांबा!

शेतकरी बंधूंनो, निफाड पट्ट्यात डिसेंबर-जानेवारीत पारा कधी कधी ५ अंशांच्याही खाली उतरतो, हे आपणांस ठाऊकच आहे. अशा दिवसांत उशिरा पेरलेल्या मक्याची वीतभर रोपे जांभळी पडतात, वाढ थबकते. मग बांधावरून सल्ला येतो, "डीएपी कमी पडलं, टाक आणखी एक गोणी." गोणी फुटते, पैसा जातो, रोप मात्र तसेच!

जांभळा रंग हे स्फुरद कमी मिळाल्याचे लक्षण खरे. पण पिकाला मिळत नाही म्हणजे जमिनीत नाही, असे नव्हे. स्फुरद ओलाव्यातून अगदी हळू सरकते. मुळालाच त्याच्याकडे जावे लागते. जमीन गार पडली की मुळांची वाढ मंदावते. मक्याचे मूळ १० अंशांखाली जवळजवळ थांबतेच. वर उन्हात पान साखर तयार करते, पण ती वापरायला खाली मूळ वाढत नाही. साखर पानात साचते आणि पान जांभळे होते. गहू थंडीचे पीक, तो इतकी कुरकुर करत नाही. मका पडला उबेचा.

हवा झटपट गार होते नि झटपट तापते. जमीन मात्र सावकाश. त्यातही भारी, चिंब जमिनीला ऊब यायला जास्तच वेळ लागतो. म्हणून पाणी तुंबू देऊ नका, वाफसा सांभाळा.

मग करायचे काय? ऊब आल्यावर आठ-दहा दिवस वाट पाहा. नवी पाने हिरवी निघाली, तर दोष थंडीचा होता, खर्च वाचला. नवी पानेही जांभळीच आली, तर माती परीक्षण करून घ्या. उभ्या पिकात वरून फेकलेले स्फुरद वरच्याच थरात अडकते, हेही ध्यानात असू द्या.

पुढच्या हंगामात मका नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्याच्या आत पेरा. स्फुरदाची पूर्ण मात्रा पेरतानाच, दोन चाड्यांच्या पाभरीने, बियाण्याच्या बाजूला नि थोडी खाली पडू द्या. कोवळ्या मुळाला ती जवळच सापडते.

सरपंच मंडळींनाही एक विनंती. साधा थर्मामीटर ५ सेंटिमीटर खोल मातीत ठेवून सकाळ-दुपारचा आकडा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहा. गावाच्या कितीतरी गोण्या वाचतील!