क्लिक कुणाचा, बिल कुणाचं!

नोकरी सांभाळून साइड बिझनेस करायची सध्या भलतीच क्रेझ आहे. कुणी केक करतं, कुणी हँडलूमच्या साड्या विकतं. माझी मावसबहीण ठाण्यातून चिवडा विकते. आठवडाभर आयटी, वीकेंडला चिवडा! गेल्या दिवाळीआधी तिने गुगलवर जाहिरात लावली. बजेट रोजचे पाचशे रुपये. सकाळी उठून बघावं तर पाचशे खल्लास, फोन एकही नाही. मला म्हणाली, "अगं, एवढे लोक बघतायत आणि चिवडा कुणालाच नको?"

आम्ही रिपोर्ट उघडला. बरेचसे क्लिक पहाटे दोन ते चारमधले, तेही ती डिलिव्हरीच देत नाही अशा शहरांतून. पहाटे तीनला चिवड्याची तल्लफ? कैच्या काय!

मंडळी, हाच तो क्लिक फ्रॉड. जाहिरातीवर क्लिक झाला की तुमचे पैसे गेले. कधी स्पर्धक तुमचं बजेट संपवायला क्लिक करत बसतो, तर कधी जाहिरात दाखवणारी साइटच कमिशनसाठी बॉट कामाला लावते. धंदा जुना आहे. २००६ मध्ये अशा दाव्यात खुद्द गुगलने ९ कोटी डॉलरपर्यंतची तडजोड केली होती. २०२१ मध्ये 'मेथबॉट' प्रकरणात अलेक्झांडर झुकोव या रशियनाला अमेरिकेत १० वर्षांची शिक्षा झाली. भाड्याच्या सर्व्हरवर तो चक्क खोटे प्रेक्षक उभे करायचा!

गुगल बरेच खोटे क्लिक स्वतःच वगळतं, पण सगळंच त्याच्यावर सोडू नका. लोकेशनमध्ये 'त्या भागात रस असणारे' हा पर्याय आपोआप सुरू असतो. तो काढून फक्त तिथे असणारेच ठेवा. रात्रीची जाहिरात बंद. सर्च पार्टनर आणि डिस्प्ले नेटवर्कही बंद. संशय आला तर तारखांसकट गुगलकडे चौकशी मागा. आयपी अॅड्रेस ब्लॉक करताना मात्र जपून. मोबाइल नेटवर्कवर एकाच अॅड्रेसमागे असंख्य लोक असतात, त्यात तुमचं गिऱ्हाईकही जाईल. आणि पाचशेच्या बजेटसाठी महागडं फ्रॉड-सॉफ्टवेअर? माझ्या मते अजिबात नको.

खरा फायदा नावात आहे. ज्याला नाव आठवतं तो थेट टाइप करून येतो, फुकटात. आणि मराठी नावाची गंमत इथेच होते. चिवडा इंग्रजीत कसा लिहाल? 'व्ही' की 'डब्ल्यू'? मध्ये 'ए' आहे की नाही? झाली की चार स्पेलिंगं! बहिणीने एक घेतलं. दुसरं कुणीतरी पटकावून तिथे नुसत्या जाहिरातींचं पान लावलं. त्यात तिचीही जाहिरात. म्हणजे चुकून तिथे गेलेलं तिचंच गिऱ्हाईक क्लिक करणार आणि बिल तिला!

म्हणून नाव फोनवर एकदा सांगून बघा. समोरच्याने बरोबर लिहिलं तरच घ्या. हायफन नको, आकडे नकोत. 'डॉट कॉम' आणि 'डॉट इन' दोन्ही घ्या, शक्य तर दुसरं स्पेलिंगही. मोठ्या ब्रँडला शेपूट जोडून नाव करायचा मोह टाळा. 'याहू इंडिया' नावाने साइट काढणाऱ्याला १९९९ मध्ये दिल्ली हायकोर्टाने रोखलं होतं. २००४ मध्ये 'सिफी'च्या खटल्यात सुप्रीम कोर्टानेही डोमेन नावाला ट्रेडमार्कसारखं संरक्षण दिलं.

आणि हो, डोमेन स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ई-मेलवर घ्या. साइट बनवून देणाऱ्या मित्राच्या नाही. रिन्यूअलचा मेल त्याला जायचा, आणि तो तोवर कॅनडात!