‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नका! चाळिशीनंतर काय बदलतं आणि डॉक्टरांकडे कधी जायचं?

आई गॅसवर दूध ठेवून विसरली, बाबा टीव्हीचा आवाज वाढवतच चाललेत, आजोबा अचानक चिडचिडे झालेत... घराघरांत यावर एकच उत्तर असतं, ‘वय झालं!’ पण यातलं काय खरंच वयामुळे होतं? जाणून घेऊया.

डोळे आणि कान
चाळिशीच्या आसपास डोळ्यातल्या भिंगाची लवचिकता कमी होते आणि वाचायला चष्मा लागतो. या चष्म्यालाच आपण ‘चाळिशी’ म्हणतो. कानांचं मात्र पटकन लक्षात येत नाही. वाढत्या वयात आधी उंच पट्टीचे आवाज ऐकू येईनासे होतात. त्यामुळे ‘स’, ‘फ’सारखी अक्षरं निसटतात. बोलणं ऐकू येतं, पण शब्द कळत नाहीत.

बुद्धी मंदावते का?
मानसशास्त्रज्ञ रेमंड कॅटेल यांनी बुद्धीचे दोन प्रकार मांडले. नवं कोडं झटपट सोडवणारी बुद्धी तरुणपणानंतर हळूहळू उतरते. शब्दसंपत्ती आणि अनुभवातून साठलेलं ज्ञान मात्र साठीपर्यंत टिकतं, अनेकदा वाढतं. म्हणूनच यूपीआय शिकायला वेळ लावणाऱ्या बाबांना भाडेकरारातली खोच मात्र लगेच कळते.

स्वभावाचं काय?
म्हातारपणी माणूस चिडका होतोच, हा गैरसमज आहे. सर्वसाधारणपणे वयाबरोबर जबाबदारीची जाणीव आणि समजूतदारपणा वाढतो. काही महिन्यांतच स्वभाव पालटला, तर त्यामागे नैराश्य किंवा मेंदूचा आजार असू शकतो.

डॉक्टरांकडे कधी जायचं?
- तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणं
- रोजच्या रस्त्यावर चुकणं
- पैशांचे नेहमीचे व्यवहार न जमणं

बी-१२ची कमतरता, थायरॉइड किंवा नैराश्यामुळेही विसराळूपणा येतो आणि उपचारांनी तो कमी होऊ शकतो. ‘लॅन्सेट’ आयोगाच्या २०२४च्या अहवालानुसार, १४ जोखीम घटकांवर काम केलं तर डिमेन्शियाची सुमारे ४५ टक्के प्रकरणं टाळता किंवा लांबवता येऊ शकतात. उच्च रक्तदाब, मधुमेह, एकटेपणा आणि कमी ऐकू येणं हे त्यातलेच घटक.

थोडक्यात, दूध एखाद्या वेळी उतू गेलं तर काळजी नको. पण बाबांच्या कानांची तपासणी करून घ्या आणि आजोबांना डॉक्टरांकडे न्या. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही राष्ट्रीय हेल्पलाइनही आहे.