पेट्रोलच्या दाबाची घरगुती परीक्षा

मोटारीनें चढावर आचके द्यावे, कीं मालकानें पंपाला दोषी ठरवून मोकळें व्हावें, असा प्रघात पडला आहे. पण नवा पंप बसवूनहि खोड तशीच राहिली, म्हणजे पैसाहि जातो आणि वाहनहि अडून राहतें.

इंजेक्शन पद्धतीच्या बहुतेक पेट्रोल मोटारींत पंप टाकींतच असतो. किल्ली फिरवतांच, इंजिन सुरू होण्यापूर्वीं, त्याची बारीक घरघर दोन-तीन सेकंद ऐकूं येते. ती न आल्यास आधीं फ्यूज व रिले पाहावे. ती आली तरी दाब पुरेसा आहे असें ठरत नाहीं. तो निवाडा दाबमापकाचा. पुष्कळ मोटारींत हा दाब ३ ते ४ बार असतो. नेमका आंकडा मोटारीच्या दुरुस्तीपुस्तिकेंत पाहावा.

उभ्या मोटारींत कांटा योग्य जागीं, पण इंजिनाचा वेग वाढवतांच घसरतो, तर गाळणी तुंबली असावी किंवा पंप थकला असावा. इंजिन बंद करतांच कांटा झपाट्यानें उतरला, तर पंपाची एकमार्गी झडप, दाबनियंत्रक किंवा इंजेक्टर गळत असावा.

मापक जोडण्यापूर्वीं, इंजिन चालू असतां पंपाचा फ्यूज काढून तें आपोआप बंद पडूं द्यावें. मग तें निवूं द्यावें. उरलेल्या थेंबांसाठीं जोडावर फडकें धरावें. काम उघड्या हवेंत करावें. विस्तव, विडी जवळ नको. ज्या मोटारींत पेट्रोल थेट सिलिंडरांत फवारलें जातें, तिथें दाब १०० बारच्याहि पुढें जातो. त्या नळ्यांना घरीं हात लावूं नये.

आधीं कांटा पाहावा, मग पंपाला दोष द्यावा.