खालून खुडायची भाजी

केलचं बी आणि मोहरी तळहातावर शेजारी ठेवली, तर वेगळी ओळखणं अवघड. दोन्ही एकाच कुळातली. कोबी, फ्लॉवर, नवलकोल आणि ब्रोकोली तर केलच्याच जातीच्या, ब्रासिका ओलेरासियाच्या. पिढ्यान्‌पिढ्या निवड करत माणसानं कोबीचा गड्डा वाढवला, फ्लॉवरचा फुलोरा वाढवला, नवलकोलाचं खोड फुगवलं. केलचं पान तेवढं मोकळं राहिलं. गच्चीवर बाग करणाऱ्याला हाच तिचा मोठा गुण वाटतो. कोबी कुंडी अडवून बसतो आणि शेवटी एकच गड्डा देतो. केल लावणीनंतर दीड-दोन महिन्यांत द्यायला लागते आणि हिवाळाभर देत राहते.

पुण्यात पाऊस ओसरला की, सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर, मी बी टाकते. जेमतेम अर्धा सेंटीमीटर मातीआड. आठवड्याच्या आत बदामाच्या आकाराची दोन-दोन दलं वर येतात. चार-पाच खरी पानं फुटली की रोप मोठ्या कुंडीत हलवायचं, बारा इंची कुंडीत एकच. रोप एवढंसं असताना कुंडी रिकामी दिसते आणि शेजारी दुसरं लावायचा मोह होतो. तो आवरावा. पुढे पानं हातभर लांब होतात आणि दाटीत हवा खेळत नाही. कुजलेला पालापाचोळा, गांडूळखत आणि मूठभर निंबोळी पेंड एवढं खाद्य तिला पुरतं. ऊन मात्र भरपूर हवं.

खरं कौशल्य खुडणीत आहे. पालकासारखी कापणी इथे चालत नाही. सर्वांत खालचं, सर्वांत जुनं पान आधी घ्यायचं. देठ खोडाशी धरून खाली आणि किंचित बाजूला ओढला की ‘कट्’ असा आवाज होऊन पान सुटतं, खोडाची साल निघत नाही. वरची पाच-सहा पानं ठेवायची आणि मधल्या कोवळ्या शेंड्याला हात लावायचा नाही, कारण पुढची सगळी पानं तिथूनच येणार असतात. असं खुडत गेलं की खोड उघडं पडत उंच होतं, त्यावर तुटलेल्या देठांचे वण राहतात आणि फेब्रुवारीपर्यंत झाड माडासारखं दिसू लागतं. तेव्हा काठीचा आधार द्यावा.

पान उलटून पाहण्याची सवय हवी. कोवळ्या पानाच्या घडीत राखाडी, मेणचट मावा बसतो आणि चार दिवस दुर्लक्ष झालं की पान चुरगळतं. पानाला बारीक खिडक्या पडल्यासारख्या दिसल्या, तर हिरवी, बोटाच्या पेराहून लहान अळी शोधावी. धक्का लागताच ती धाग्यावरून खाली लोंबते. मावा पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं धुऊन जातो. निंबोळी अर्क फवारायचा तर त्यात थोडं साबणाचं पाणी घालावंच लागतं, कारण पानावर मेणाचा थर असतो आणि नुसतं पाणी मोत्यासारखं घरंगळतं. पण फवारण्याआधी ढालकिडे आलेत का, ते पाहावं. त्यांच्या काळ्या, नारिंगी ठिपक्यांच्या अळ्या मावा फस्त करतात. कीड समजून त्यांनाच मारलं जातं, याचं मला फार वाईट वाटतं. केलच्या बाजूच्या कुंडीत मोहरी पेरली तर बराचसा मावा तिकडे जातो.

डिसेंबरात पुण्याची रात्र गारठली की चव बदलते. थंडीत पानात साखर वाढते आणि कडवटपणा मागे सरतो. ऑक्टोबरात लावायचं ते या दिवसांसाठी.

केल स्मूदीतच घालायची, हा समज मला पटत नाही. काश्मीरमध्ये घरोघरच्या परसात हाक पिकतो, तो याच गटातला. मोहरीचं तेल, हिंग, मिरची आणि पाणी, एवढ्यावर तिथे रोजचं जेवण होतं. आपल्याकडे ती पीठ पेरून उत्तम होते. मधली जाड शीर काढून पान बारीक चिरायचं, भरपूर लसणाच्या फोडणीवर झाकण ठेवून पालकापेक्षा जास्त वेळ शिजवायचं, मगच बेसन भुरभुरायचं. भिजवलेली हरभऱ्याची डाळ आणि ओलं खोबरं घालून कोबीसारखी भाजीही होते. कच्ची खायची तर चिरलेल्या पानांना मीठ आणि लिंबू लावून हातानं चांगलं चुरावं. पान मऊ पडलं की दाण्याचं कूट घालून कोशिंबीर करावी. पालकाच्या मानानं केलमध्ये ऑक्झलेट फार कमी, त्यामुळे तिच्यातलं कॅल्शियम अंगी लागतं. ‘के’ जीवनसत्त्व मात्र भरपूर असतं, म्हणून वॉर्फरिनची गोळी चालू असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं.

मार्चअखेर पान चामट आणि कडू होतं, मावा हटत नाही. तेव्हा झाड जगवण्याचा हट्ट नको. उपटून खतात टाका आणि त्याच कुंडीत माठ पेरा.